अप, आउट, ऑफ : शिर्डीच्या लॉजमधली अवघड सोपी इंग्रजी

शिर्डीतल्या कुठल्याही लॉजच्या जिन्यापाशी लाल नळकांडे टांगलेले असते. त्यावर ‘फायर एक्स्टिंग्विशर’ असे छापलेले असते. इंग्रजांच्या मुलांनाही स्पेलिंग चुकवायला लावणारा हा शब्द तिथल्या रूमबॉयला माहीत असतो, त्याचा अर्थही तो सांगतो. पण पाहुण्याने हातातली सिगारेट दाखवून “व्हेअर कॅन आय पुट धिस आउट?” असे विचारले, की तोच मुलगा गॅलरीकडे बोट दाखवण्याची शक्यता जास्त. पुट म्हणजे ठेवणे आणि आउट म्हणजे बाहेर. पाहुण्याला सिगारेट विझवायची आहे, हे त्या दोन शब्दांत कुठे दिसते?

इंग्रजीत अशी क्रियापदे हजारोंनी आहेत. एखादे साधे, चार वर्षांच्या मुलालाही येणारे क्रियापद घ्यायचे आणि त्याच्यामागे अप, आउट, ऑफ, डाउन असा एखादा टिचभर शब्द लावायचा. दोन्हींच्या अर्थांची बेरीज होईलच असे नाही. अनेकदा तिसराच अर्थ उभा राहतो. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट अप म्हणजे मुक्काम करणे, पुट अप विथ म्हणजे सहन करणे आणि पुट थ्रू म्हणजे फोन जोडून देणे. व्याकरणात यांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात. हे नाव फार जुने नाही. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ साली ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरले आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे नमूद केले. त्रास मात्र नावाहून पुष्कळ जुना. सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. परक्यांना सर्वांत जास्त अडचण या जोडक्रियापदांची होते, हे त्याने तेव्हाच प्रस्तावनेत लिहून ठेवले होते.

हा पेच पडला त्याला इंग्लंडचा इतिहास जबाबदार आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालय, मठ यांतून फ्रेंच व लॅटिन शब्द इंग्रजीत उतरू लागले. एन्टर, डिपार्ट, एक्स्टिंग्विश, टॉलरेट, पोस्टपोन हे शब्द पुढच्या काही शतकांत याच दोन घराण्यांतून आले. शेतात, स्वयंपाकघरात आणि सरायांत लोक कम इन, गो आउट, पुट आउट असेच बोलत राहिले. आपणही बंबाच्या गाडीवर ‘अग्निशमन’ लिहितो आणि घरात ‘विझव’ म्हणतो. फरक एवढाच, की आपण ‘विझव’ आधी शिकतो आणि ‘अग्निशमन’ नंतर. इंग्रजी मात्र आपल्याकडे उलट्या क्रमाने आली.

शिर्डी ज्या नगर जिल्ह्यात आहे, तिथे तर ती पुस्तकातूनच आली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ च्या अखेरीस नगरला ठाणे मांडले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरहूनच सुरू झाले. याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा इथलीच. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवली, आणि चांगली शिकवली. या पद्धतीचा कणा भाषांतर हा होता : शब्द घ्या, अर्थ लिहा, वाक्य जुळवा. टॉलरेट म्हणजे सहन करणे, हे या पद्धतीत वहीच्या एका ओळीत बसते. पुट अप विथ तसे बसत नाही. म्हणून राहाता-कोपरगावच्या कॉलेजातून बारावी किंवा बीए होऊन काउंटरवर उभ्या राहिलेल्या मुलाला अवघड शब्द सोपे जातात आणि सोपे शब्द अवघड.

शिर्डीत हा प्रश्न जास्त जाणवतो, कारण इथली इंग्रजी साहेबासाठी नाही. काकिनाडाहून आणि चेन्नईहून थेट साईनगर शिर्डीला गाड्या येतात. शिर्डीजवळच्या काकडी गावातल्या विमानतळाचे उद्‌घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी झाले, मुंबईची वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून धावू लागली. तेलुगू कुटुंब, तमिळ कुटुंब आणि परदेशात स्थायिक झालेले भारतीय एकाच काउंटरसमोर रांगेत असतात. ‘साईराम’ म्हणून नमस्कार झाला, की पुढचा व्यवहार मोडक्यातोडक्या हिंदीत नाहीतर इंग्रजीत. त्यातही दोन इंग्रज्या आहेत. हैदराबादचे गृहस्थ “वी विल व्हेकेट अ‍ॅट टेन” म्हणतात. ते मराठी कानाला चटकन कळते, कारण व्हेकेट हा पुस्तकी शब्द आहे. न्यू जर्सीत वाढलेली त्यांची पुतणी “वुई आर चेकिंग आउट” म्हणते. चेक आउट आता शिर्डीतल्या रिक्षावाल्यालाही कळते, पण ती पुढे “कॅन यू होल्ड ऑन टु अवर बॅग्ज, वुई विल पिक देम अप लेटर” असे एका दमात म्हणाली, की काउंटरवर शांतता पसरते.

शिर्डी आणि ही लहान क्रियापदे यांची ओळख तशी शंभर वर्षांहून जुनी आहे. साईबाबांच्या हयातीत गावात लॉज नव्हते. हरी विनायक साठे यांनी १९०८ साली भक्तांसाठी वाडा बांधला. मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम ऊर्फ काकासाहेब दीक्षित यांचा वाडा १९१०-११ मध्ये उभा राहिला. शिर्डीतली मुक्कामाची सोय अशी वाड्यांपासून सुरू झाली. अमरावतीचे नामांकित वकील आणि टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ असे शिर्डीत राहिले. त्यांची त्या दिवसांची रोजनिशी इंग्रजीत आहे. हा माणूस कोर्टात भारदस्त इंग्रजी बोलणारा, पण रोजनिशीत पहाटे उठण्याला ‘गॉट अप’ आणि बाबांच्या बाहेर पडण्याला ‘गो आउट’ अशी साधी क्रियापदे येतात. माणूस स्वतःशी बोलू लागला की भाषेचा जरीकाठ गळून पडतो, त्याचे हे छान उदाहरण आहे. पाहुणाही खोलीच्या दारात उभा राहून असाच बोलतो.

काउंटरवरचे पहिलेच क्रियापद म्हणजे चेक इन. हे सर्वांना येते. वाक्यात घालताना मात्र घसरते. “चेक इन द गेस्ट” आणि “चेक द गेस्ट इन” दोन्ही चालतात. गेस्टच्या जागी सर्वनाम आले की एकच चालते : “चेक हिम इन”. “चेक इन हिम” म्हटले की इंग्रजाच्या कानाला खडा लागतो. म्हणजे क्रियापद फोडून मध्ये माणूस बसवायचा. उलट लुक आफ्टर कधीच फुटत नाही. “लुक आफ्टर हिम” एवढेच बरोबर. या भेदामागे कारण आहे. पहिल्यात इन हे क्रियाविशेषण आहे, दुसऱ्यात आफ्टर हे नामाला चिकटणारे शब्दयोगी आहे. काउंटरवर व्याकरण उलगडायला वेळ नसतो, तिथे कानाची सवयच कामी येते.

मग फॉर्म. भारतात आपण फॉर्म ‘फिल अप’ करतो, ब्रिटिश माणूस ‘फिल इन’ करतो, अमेरिकन ‘फिल आउट’ करतो. अप, इन, आउट या तीन वेगळ्या दिशा, पण कागद तोच आणि रकानेही तेच. यातले एक बरोबर आणि दोन चूक असे मानणारे मास्तर आहेत. मला तो हट्ट वाटतो. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याचा फॉर्म सरकारी संकेतस्थळावर भरावाच लागतो. तो फिल अप झाला की फिल इन, हे कोणी विचारत नाही.

आणि ‘पुट अप’. “व्हेअर आर यू पुटिंग अप?” हा प्रश्न भारतात अजून सर्रास विचारला जातो, इंग्लंडात तो जुनाट वाटतो. बैलगाडी-घोड्याच्या काळापासून आपण “कुठे उतरलात?” असे विचारतो; इंग्रजीत मुक्काम वर चढतो आणि मराठीत तो खाली उतरतो.

खरी मौज खोलीत आहे. दाराच्या मुठीला अडकवायच्या पुठ्ठ्यावर एका बाजूला ‘डू नॉट डिस्टर्ब’ आणि दुसऱ्या बाजूला ‘प्लीज मेक अप माय रूम’ असे असते. मेक अप म्हणजे इथे खोली आवरणे, पलंग नीट करणे. तेच मेक अप गोष्ट रचून सांगण्याला, भांडण मिटवण्याला, बुडालेला वेळ भरून काढण्याला आणि चेहऱ्याच्या रंगरंगोटीलाही. टर्न डाउनची तऱ्हा त्याहून वरची. मोठ्या हॉटेलात संध्याकाळी कोणीतरी येऊन चादरीची कड दुमडून ठेवतो, दिवा मंद करतो. ती टर्न डाउन सर्व्हिस. पाहुण्याची विनंती नाकारणे हेही टर्न डाउन. आणि “टर्न डाउन द एसी” म्हणजे काय? आकडा खाली आणून गारवा वाढवायचा, की एसीचा जोर कमी करायचा? हा घोळ फक्त इंग्रजीचा आहे असे समजू नये. “दादा, एसी जरा कमी करा” म्हणणाऱ्या मराठी पाहुण्याला थंडी वाजते आहे की उकडते आहे, हेही त्याच्या तोंडाकडे पाहूनच ठरवावे लागते.

इथे मला जे म्हणायचे आहे ते येते. मराठी माणसाला फ्रेजल व्हर्ब परके वाटण्याचे खरे तर कारण नाही, कारण तसेच यंत्र त्याच्या बोलण्यात दिवसभर चालू असते. हाउसकीपिंगचा सुपरवायझर रूमबॉयला काय सांगतो ते ऐका. “१०४ आवरून टाक” म्हणजे एकदाची उरक. “१०४ आवरून घे” म्हणजे वेळ आहे तोवर तुझे काम हातावेगळे कर. “त्यांना १०४ आवरून दे” म्हणजे पाहुण्यासाठी कर, ते वाट पाहत आहेत. “१०४ आवरून ठेव” म्हणजे दुपारची पार्टी यायची आहे, खोली तयार राहू दे. आणि संध्याकाळी तक्रार : “हा १०४ सोडून १०५ आवरून बसला!” क्रिया एकच, आवरण्याची. टाक, घे, दे, ठेव, बस या शब्दांनी आपापले अर्थ बाजूला ठेवले आहेत. कोणी काही फेकत नाही आणि कोणी कुठे बसलेले नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’सारख्या ग्रंथांत संयुक्त क्रियापदांची पाने आहेत ती यासाठीच. मराठी शिकणारा परका माणूस या ‘बसला’पाशी तसाच थिजतो, जसा आपला रूमबॉय ‘पुट आउट’पाशी.

साम्य वरवरचे नाही. इंग्रजी ‘अप’ घ्या. क्लीन म्हणजे साफ करणे, क्लीन अप म्हणजे साफ करून टाकणे. ईट अप म्हणजे खाऊन टाकणे, यूज अप म्हणजे वापरून टाकणे. खोल्या ‘बुक्ड अप’ म्हणजे एकही उरली नाही. वर जाण्याशी या ‘अप’चा संबंध राहिलेला नाही, तो आपल्या ‘टाकणे’सारखा कामाचा शेवट दाखवतो. ‘आउट’ बहुधा संपण्याचा किंवा नाहीसे होण्याचा : टॉवेल रन आउट झाले, दिवा गो आउट झाला, सिगारेट पुट आउट केली. ‘ऑफ’ वेगळे होण्याचा : ड्रॉप ऑफ, सी ऑफ, स्विच ऑफ. ‘बॅक’ परतीचा : कॉल बॅक, गिव्ह बॅक, गेट बॅक. प्रत्येक ठिकाणी ही किल्ली लागतेच असे नाही. लागते तिथे मात्र शंभर शब्दांचे पाठांतर वाचते.

संस्कृत थोडेफार शिकलेल्यांसाठी आणखी एक दार आहे. हृ या एका धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात. जेवण, फिरणे, मारणे, नाश आणि निवारण. पुटच्या मागे अप, आउट, ऑफ लागून जे होते तेच इथे आ, वि, प्र, सम्, परि पुढे लागून होते. प्राचीन इंग्रजीतही हे तुकडे बऱ्याचदा क्रियापदाच्या पुढे चिकटत. पुढे स्कँडिनेव्हियातून आलेल्या वसाहतकारांच्या भाषेच्या सान्निध्यात ते सुटे होऊन मागे जाण्याची प्रवृत्ती वाढली. जर्मनमध्ये आजही काही उपसर्ग वाक्यात क्रियापदापासून सुटून थेट शेवटी जाऊन बसतात. आणि वेदांच्या भाषेत उपसर्ग धातूपासून दूरही राहत, नंतरही येत, मध्ये इतर शब्द घालूनही येत. पाणिनीने अष्टाध्यायीत उपसर्ग धातूच्या आधी येतात असे सांगून लगेच पुढच्या दोन सूत्रांत वेदातल्या या सवलती नोंदवल्या आहेत. “चेक हिम इन”मध्ये चेक आणि इन यांच्या मधे पाहुणा शिरतो, तसली फारकत आपल्या पूर्वजांच्या कानाला ओळखीची होती. युरोपातल्या आणि आपल्या भाषा एका घराण्यातल्या आहेत हे पुस्तकात वाचतो. शिर्डीच्या काउंटरवर ते असे भेटते.

ऐकण्याची अडचण मात्र वेगळी आहे आणि ती खरी आहे. पुट इट आउट हे तीन शब्द बोलताना एक होतात : ‘पुटिटाउट’, अमेरिकन तोंडातून तर ‘पुडिडाउट’. फोनवर चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. शिवाय जोर कुठे पडतो यावर अर्थ हलतो. क्रियापद असेल तर आघात मागच्या तुकड्यावर, चेक-इऽन. नाम असेल तर पुढच्यावर, चेऽक-इन. मराठीत आघाताने शब्दांची जात बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. टाइप केलेली यादी कितीही पाठ केली तरी हे येत नाही, ऐकूनच येते.

काही क्रियापदे तर समुद्र ओलांडताना अर्थ बदलतात. पहाटेच्या काकड आरतीसाठी उठवायला सांगणे हे शिर्डीच्या लॉजमधले रोजचे काम. जुना ब्रिटिश माणूस यासाठी “नॉक मी अप अ‍ॅट थ्री” म्हणेल, म्हणजे दार ठोठावून जागे कर. इंग्लंडच्या गिरणगावांत एकेकाळी नॉकर-अप नावाचे कामगार असत. लांब काठीने खिडक्या वाजवून ते गिरणीकामगारांना उठवत. अमेरिकेत मात्र नॉक अप म्हणजे गर्भवती करणे. म्हणून वेक-अप कॉल हाच शब्द सर्वांत सुरक्षित.

दुसरा सापळा खास नगरचा म्हणावा लागेल. शहरात आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, मेकनाइज्ड इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे. पासिंग आउट परेड हा शब्द त्यामुळे इथल्या कानांना सवयीचा. फौजेतून तो कॉलेजात आला आणि ‘मी २०२१चा पासआउट’ असे आपण अर्जातही लिहितो. इंग्लंड-अमेरिकेतल्या रोजच्या बोलण्यात पास आउट होणे म्हणजे बेशुद्ध पडणे. जिन्यावरून धापा टाकत आलेली परदेशी बाई “माय हजबंड हॅज पास्ड आउट” म्हणाली, तर अभिनंदन करायचे नाही, डॉक्टरला फोन करायचा.

हे सगळे मिळून डोंगर वाटेल, पण त्याची उंची मोजली गेली आहे. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ साली दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमधून फ्रेजल व्हर्ब वेचली. एकूण वापर पाच लाखांहून अधिक वेळा. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा फक्त वीस क्रियापदे आणि आठ लहान शब्द यांच्या जोड्यांनी उचलला होता. गो, कम, टेक, गेट, पुट, टर्न, ब्रिंग, लुक, पिक, मेक ही त्यांतलीच. त्याआधी १९३० साली सी. के. ऑग्डेन यांनी ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ रचली तेव्हा क्रियापदे फक्त अठरा ठेवली. बाकीची कामे या अठरांना अप, आउट, इन जोडूनच भागवली. एन्टर काढून टाकले, गो इन ठेवले. ऑग्डेन यांना वाटले की परक्यांसाठी हेच सोपे. जॉन्सन म्हणाला होता की परक्यांना हेच अवघड. मला दोघेही बरोबर वाटतात : शब्द थोडे म्हणून सोपे, अर्थ अनेक म्हणून अवघड. लॉजचे काम ठरावीक असते, त्यामुळे तिथे अर्थांनाही कुंपण पडते. खोलीत बोलले गेलेले मेक अप पलंगाबद्दलच असणार.

आपल्या भाषेने या क्रियापदांचे स्वतःच्या पद्धतीने जे केले आहे, ते कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. स्विच ऑन, टर्न ऑफ यांतले क्रियापद आपण टाकून दिले आणि नुसता तुकडा ठेवला : “पंखा ऑन कर”, “मोटार ऑफ कर”. कुठे दोन्ही तुकडे जोडून नाम केले : चेकअप, सेटअप, बॅकअप, ब्रेकअप. त्याला ‘करणे’ लावले की मराठी क्रियापद तयार. “रूम चेकआउट केली” हे वाक्य इंग्रजाला चालणार नाही, कारण चेक आउट माणूस होतो, खोली होत नाही. मराठीत ते बिनतक्रार चालते. आणि पिकअप हे तर नगर जिल्ह्यात क्रियापद राहिलेच नाही. मागे उघडा हौदा असलेली, कांद्याच्या गोण्या बाजार समितीत पोचवणारी गाडी म्हणजे पिकअप. काकडी विमानतळावर उतरणाऱ्या पाहुण्याने “प्लीज अरेंज अ पिकअप” असा निरोप पाठवला, तर काउंटरवरच्या नव्या पोराला कोणती गाडी पाठवायची ते आधी नीट सांगून ठेवावे लागते.